कोयत्याची खूण

जोतीरामनं उचललेली काठी तशीच अधांतरी धरली. टेकवली तर आवाज होईल म्हणून.

पुढं चार हातांवर, ओढ्याच्या काठाला त्याची नात शिवांजली उकिडवी बसली होती. तिच्यासमोर करंजाच्या वाळल्या पाल्यात घोणस वेटोळं घालून पडली होती. पाल्यात आणि तिच्यात रंगाचा फरक नव्हता. पोरीचा उजवा हात पुढं, तळवा उघडा, बोटं जुळलेली. हात असा धरायला जोतीरामनंच शिकवलं होतं, घरी, चादरीच्या गुंडाळीवर.

सांगलीच्या कडेला, नव्या कॉलन्यांच्या मागं हे वनउद्यान. मुलगा वीरधवल दोघांना फाटकाशी सोडून चहाला थांबला होता. झाडीतल्या पायवाटेनं येताना जोतीरामनं पोरीला शिराळ्याच्या गोष्टी सांगितल्या. नागपंचमीच्या आधी रानोमाळ हिंडून नाग धरायचे, मडक्यातून आणायचे, पूजा झाली की जिथले तिथं सोडून यायचे. आता कायद्यानं धरायला बंदी. "आमाला कसलं भ्या? त्यो वळखतो शिराळ्याच्या माणसाला," असं तो नेहमीसारखं म्हणाला होता. मग बुटातला खडा काढायला खाली बसला. ऊस तोडताना कोयता लागून वाकडं झालं असं तो सांगायचा, ते डाव्या हाताचं बोट नाडीच्या गाठीत नीट शिरेना. तेवढ्यात पोरगी पुढं गेली.

"शिवा, हळू माघारी ये बाळा."

"शू! आबा, तुम्हाला धरू देत नाहीत ना? मी धरून देते. इथं कुणी बघत नाही."

"त्यो नाग न्हाई गं. घोणस हाय."

"मग काय झालं? मी पण शिराळ्याचीच ना."

घोणशीनं अंग फुगवलं. कुकरची वाफ सुटावी तसा आवाज निघाला आणि थांबेचना. पोरीचा हात थबकला, पण मागं आला नाही.

जोतीरामनं डोळ्यांनीच अंतर मोजलं. झेप घ्यावी, तर घोणस आधी पोचणार. ओरडावं, तर पोरगी दचकणार. पंचमीला गावानं ज्याला खांद्यावर घेऊन नाचवलं, त्याच्या तोंडात थुंकी उरली नव्हती.

"शिवा," तो म्हणाला. "मला भ्या वाटतंय."

पोरीनं मान वळवली नाही. "तुम्हाला?"

"लय. पाय कापाय लागल्यात. तू ये, माझा हात धर. न्हाईतर पडंन मी हितंच."

उघडा तळवा हळूच मिटला. ती न उठता, बसल्या बसल्याच एक पाय मागं सरकली, मग दुसरा. घोणशीचं डोकं तिच्या रोखानंच राहिलं. जोतीराम पावलं मोजत होता आणि मध्येच चुकत होता. फ्रॉकचा घेर हाताला लागला, तेव्हा त्यानं पोरीला उचललं आणि वाटेवर आणूनच खाली ठेवलं. काठी ओढ्यावर राहिली, ती आणायला तो गेला नाही.

"भिऊ नका आबा," ती परतताना सांगत होती. "मी आहे."

फाटकाशी वीरधवल चहाचा ग्लास घेऊन उभा होता.

"काय आबा, घावला का एखादा? का तुमाला बघून पळाला?"

शिवांजली हसली नाही. आजोबाचं वाकडं बोट तिनं वाटभर मुठीत धरलं होतं. मूठ उघडून तिनं ते पाहिलं. नख नसलेल्या शेंड्यावरून अंगठा फिरवला.

"आबा, हे कोयत्यानं झालेलं नाही ना?"

वीरधवलचा ग्लास ओठाशीच थांबला.

जोतीरामनं बोट सोडवून घेतलं नाही.

"न्हाई बाळा," तो म्हणाला. "अशीच एक घोणस हुती."