खुर्चीच्या मागून

आमच्या आईला गाठ दिसली की ती सोडवल्याशिवाय चैन पडत नाही. पुड्याचा दोरा असो नाहीतर बुटाची नाडी. बाबा वैतागायचे, "अगं, काही गाठी मुद्दाम मारलेल्या असतात!" पण ऐकेल ती आई कसली.

बाबा स्पीकर दुरुस्त करायचे. काम झालं की स्वतःच्या आवाजाची एक टेप लावायचे आणि आईला समोरच्या वेताच्या खुर्चीत बसवायचे. "हा डावा," टेपमधले बाबा डावीकडून म्हणायचे. "हा उजवा." मग दोन्हीकडून एकदम, "आणि हा मधला. ऐकू येतंय का गं? कुठून येतोय आवाज?" आई "मधून" म्हणाली की स्पीकर पास. शेवटी टेपमधूनच हुकूम यायचा, "झालं. कर बंद." आयुष्यभर त्या दोघांचा लाडिक म्हणावा असा संवाद हाच, आणि तोही टेपशी!

बाबा गेले तेव्हा आईने एक टिपूस काढलं नाही. फक्त रोज संध्याकाळी ती टेप लावायची. पण शेवटचं वाक्य यायच्या आत मागे घ्यायची, पुन्हा लावायची. त्यात माझ्या कार्टीने सुट्टीत आजीकडे जाऊन डाव्या स्पीकरच्या मधल्या टोपीत बोट खुपसलं. टोपीला पोचा पडला आणि कागदी पडदा कडेला फाटला. आईचा फोन आला, "यांचा घसा बसलाय गं. नुसती फरफर येते."

मी गेले. हे काम मला बाबांनीच शिकवलेलं. वायरी सोडवून स्पीकर टेबलावर उताणा निजवला. चिकटपट्टी दाबून हलकेच ओढली तसा पोचा टपकन बाहेर आला. फाटलेल्या जागी मागून टिशू पेपरचा तुकडा पांढऱ्या गोंदाने बसवला आणि तो वाळेपर्यंत आईची बोलणी खाल्ली. तेवढ्यात तिने मागची जळमटं काढली, वायरीसुद्धा पुसून ठेवल्या.

जोडायला घेतलं तर दोन्ही वायरी पांढऱ्याफेक. कुठली स्पीकरच्या लाल खुंटीला, कुठली काळ्या? बाबांनी काहीतरी खूण ठेवली असणार, पण दिसेना. म्हटलं, दोन वायरी, दोन खुंट्या, त्यात कसली अक्कल पाजळायची! दिल्या जोडून. स्पीकरपाशी उभ्या उभ्याच ऐकलं. फरफर गेली होती. खुर्चीत बसून ऐकल्याशिवाय पास करायचं नाही, हा बाबांचा नियम. मला घरी जायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "हे आलेत गं." मला वाटलं, बोलायची पद्धत. "बरं झालं," म्हणाले.

पुढच्या वेळी गेले तर टेबलावर चहाचे दोन कप. एक प्यायलेला, एकावर साय धरलेली. शेजारी न उष्टावलेलं ताट. आई खुर्चीत, मान किंचित मागे वळवून. गळ्याची हाडं वर आलेली.

"आई, जेवली नाहीस?"

"शू! हळू बोल. मागे बसलेत ते."

शेजारचे डॉक्टर जिन्यात भेटले. म्हणाले, "स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. खाणं नाही, झोप नाही. त्यांना घेऊन जा तुमच्याकडे, नाहीतर उचलून न्यायची वेळ येईल." मी आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "यांना एकटं टाकून? वेडी आहेस का?"

ती अंघोळीला गेली तशी मी खुर्चीत बसले आणि टेप लावली. डावा डावीकडून आला, उजवा उजवीकडून. आणि मग, "आणि हा मधला. ऐकू येतंय का गं?"

समोर काही नव्हतं. आवाज माझ्या मानेमागून आला होता, बाबा वाकून बोलायचे तसा. सर्रकन काटा आला अंगावर. मागे पाहिलं तर भिंत आणि खिडकी.

मग डोक्यात प्रकाश पडला. एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या की मधला आवाज मध्ये थांबत नाही, भलतीकडून येतो. बाबांनीच सांगितलं होतं. उठून पाहिलं. एक वायर एका जागी अजून वाकडी होती, बरेच दिवस गाठ असलेल्या दोऱ्यासारखी. ती गाठ हीच बाबांची खूण. आईने पुसता पुसता सोडवली होती!

खरं सांगते, मी लगेच काही केलं नाही. पुन्हा बसले. पुन्हा ऐकलं. "इथंच आहे, बाबा," असं बोलूनही गेले. बाथरूममधलं पाणी बंद झालं, तेव्हा उठून वायरी बदलल्या.

आई येऊन बसली. "हा डावा. हा उजवा. आणि हा मधला. ऐकू येतंय का गं? कुठून येतोय आवाज?"

आईने मागे पाहिलं. पुढे पाहिलं.

"मधून," ती म्हणाली, आणि हंबरडा फोडला.

वाटलं, मीच बाबांना घराबाहेर काढलं. "आई, मी करते परत उलट, आत्ता करते." मी स्पीकरकडे धावले, तर तिने माझं मनगट धरलं.

"नको. उलटं लागलेलं यांना खपायचं नाही."

तिने टेप मागे घेतली नाही. खरखर झाली आणि बाबा म्हणाले, "झालं. कर बंद."

आई उठली आणि बटण दाबलं. मग सायीचा कप मोरीत ओतला, विसळला, ताटावर बसून चार घास खाल्ले. मी तिची पिशवी भरली. निघायच्या आधी तिने मला स्पीकरच्या मागे नेलं आणि म्हणाली, "गाठ मार." मी मारली. तिने हात लावला नाही.

दारात मात्र ती थांबली. रिकाम्या खुर्चीच्या मागे बघत म्हणाली, "येते हं."

मी कुलूप लावत होते. आतून कुणीतरी खाकरल्यासारखं वाटलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. किल्ली फिरवली आणि आम्ही जिना उतरलो.