पुसलेली डावी बाजू

मित्रांनो, मी तुमच्या वर्गातला जुना फळा. माझ्या डाव्या अंगाला रंग उडालेला एक फिकट पट्टा आहे. तिथे खडू नीट उमटत नाही, म्हणून तुम्ही मला नावं ठेवता. ठेवा. पण तो पट्टा कसा पडला, ते ऐका.

सुताराच्या हातून सुटलो तो मी थेट युद्धकचेरीत गेलो. मोठं युद्ध पेटलं होतं. माझ्या मधोमध रेघ असे. डावीकडे शत्रूचं बळ, उजवीकडे शत्रूच्या उणिवा. लिहिणाऱ्या कारकून बाईंना सगळे ताई म्हणत. आलेल्या बातम्या चारदा पडताळूनच त्या लिहीत. उजवीकडे, 'इंधन संपत आलं. बूट फाटके. सेनापतींत भांडणं.' डावीकडे, 'तोफा लांब पल्ल्याच्या. पाडलेला पूल दोन दिवसांत उभा करतात.'

फौजेला हुकूम देणारे साहेब मला वाचायला येत. उजवी बाजू वाचून त्यांची कळी खुले. डावी वाचली की डोकं तापे. म्हणून ते येणार असले की हेडक्लार्क ताईंना डावीकडे ओलं फडकं फिरवायला लावत. तशी रीतच पडली होती.

एके दिवशी ताईंचा हात पुलाच्या ओळीवर थबकला. त्यांचा धाकटा भाऊ नदीकाठच्या तुकडीत होता.

"काका, एवढी एक ओळ राहू द्या ना," त्या हेडक्लार्कना म्हणाल्या.

"आणि साहेबांचा चहा माझ्या अंगावर सांडला तर? पुसा हो! उद्या पुन्हा लिहा की."

ताईंनी पुसलं.

साहेब आले, उजवीकडे वाचून हसले. "फाटक्या बुटांनी नदी ओलांडतायत होय! पूल तर आपण पाडलाय. काठावर निम्मी माणसं पुरे."

तिसऱ्या दिवशी शत्रू नव्या पुलावरून आला. फाटक्या बुटांनीच आला. उरलेल्या निम्म्यांत ताईंचा भाऊ होता. तो परतला नाही.

तार वाचून ताई माझ्यापाशी आल्या. पुसल्या जागी तीच ओळ त्यांनी इतकी दाबून लिहिली की खडूचे तुकडे झाले. हेडक्लार्क मान खाली घालून उभे होते. ती ओळ मग कोणी पुसली नाही. पण आता तिचा उपयोग कोणाला?

युद्ध संपल्यावर मला तुमच्या शाळेत आणलं. मी लाकूड, मला तोंड नाही. ज्यांना होतं, तेही गप्प बसले, याचं वाईट वाटतं.

मित्रांनो, मला ओलं फडकं लावू नका, रंग जातो. आणि पुसण्याआधी एकदा वाचत जा. ओळ आवडली नाही, तर दोनदा वाचा.