गोळा कधी सोडायचा

माझ्या भाचीला शाळेत सगळे ‘तोफ’ म्हणतात. हातोडाफेकीला नाव झकास, पण निवड चाचणीच्या दिवशी तोफेचं तोंडच भलतीकडे होतं. तारेला बांधलेला तो लोखंडी गोळा गरगर फिरवून तिने दोनदा सोडला, आणि दोन्ही वेळा तो डावीकडच्या जाळीत धाडकन गेला.

“तिसरी फेकही जाळीत गेली, तर संघात जागा नाही,” प्रशिक्षक सरांनी बजावलं आणि ते बाकीच्या मुलींकडे वळले.

तोफ माझ्याशेजारी पायरीवर येऊन आदळली. “मावशी, हा गोळा माझ्यावर डूख धरून आहे.”

“सोडतेस कधी त्याला?”

“बरोबर समोर आला की. समोरच फेकायचाय ना?”

जन्मभर विज्ञान शिकवलेली मी, गप्प बसते होय? चष्म्याची दोरी काढली, तिला घराच्या किल्ल्या बांधल्या. “फिरव डोक्यावर. किल्ल्या त्या खांबासमोर आल्या की सोड.”

तिने सोडल्या. खांब राहिला बाजूला. किल्ल्या डावीकडे उडाल्या आणि जाळीत उंच अडकल्या.

“अगं बाई! यांनाही माझीच खोड!”

“खोड सगळ्यांनाच असते. फिरणारी वस्तू सुटली की त्या क्षणी जिकडे चालली असेल, तिकडे सरळ निघते. तू तारेने तिला सारखी आत ओढतेस, म्हणून ती वळते. चंद्राचंही तेच.”

मैदानावर दुपारचा फिकट चंद्र होता. तोफेने मान वर केली. “त्याला कुठे तार आहे?”

“गुरुत्वाकर्षण हीच तार.”

“पृथ्वी ओढते, मग पडत का नाही?”

“पडतोच आहे बिचारा! पण पडता पडता आडवा इतका पळतो, की पृथ्वी चुकतेच. पळणं थांबलं तर आदळेल, ओढ थांबली तर निघून जाईल.”

“म्हणजे आमची आई. घर सोडवत नाही, घरात बसवत नाही.”

माझ्या बहिणीचं इतकं नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं.

“बरं, फिरवताना तू मागे का झुकतेस?”

“नाहीतर गोळाच मला फेकेल!”

“तसा चंद्रही पृथ्वीला ओढतो. पण तिचं वस्तुमान दांडगं, म्हणून ती जराशीच डुलते.”

“चंद्रावर गोळा हलका लागेल ना? तिथेच घ्या म्हणावं चाचणी.”

“उचलायला हलका. पण गरगर फिरवायला इथल्याइतकाच दमवेल. वजन बदलतं, वस्तुमान नाही.”

सरांची शिट्टी वाजली. तोफ उठली खरी, पण जागेवरच रिकाम्या हातांनी सावकाश गिरकी घेऊ लागली. मध्येच थबकली.

“मावशी! गोळा माझ्या उजवीकडे असतो, तेव्हाच तो मैदानाकडे निघालेला असतो. समोर यायची वाट बघितली, की तो डावीकडे वळलेलाच!”

उत्तर पोराचं पोराने काढलं, की मास्तरणीने तोंड मिटावं.

ती वर्तुळात गेली, मागे झुकून फिरली, आणि तिला फारच लवकर वाटावं अशा वेळी तिने हात सोडले. डोळे गच्च मिटलेले. गोळा दोन पांढऱ्या रेषांच्या मधोमध हिरवळीत धप्पकन रुतला.

सरांनी फीत लावली, मग पुन्हा लावली.

“तोफ, संघात,” ते म्हणाले. “आणि ते जाळीवर काय लोंबतंय?”

“मावशीच्या किल्ल्या, सर. पाव चक्कर उशिरा सुटल्या.”