पिवळा उजेड

माझं दुकान टॉर्च आणि सेलचं, आणि माझं तोंड फटकळ. गिऱ्हाइकं दोन्हींसाठी येतात, असं माझा धाकटा भाऊ म्हणायचा. जाड चष्म्यामुळे आम्ही त्याला लहानपणापासून ढापण्या म्हणत असू. तो शहराच्या पाण्याच्या बोगद्यात कामाला होता. एका भागातलं पाणी बंद करायचं, आत चालत जाऊन विटांमधल्या भेगा बुजवायच्या आणि परत यायचं, हे त्याचं काम.

बोगद्यातली माणसं घड्याळ बघत नाहीत, टॉर्च बघतात. साध्या सेलचा उजेड पहिल्या तासापासूनच उतरायला लागतो. तो पिवळा पडला तरी पुढे तासभर टिकतो, आणि बाहेर यायला तेवढा पुरतो. म्हणून त्यांचा एकच नियम: पिवळं झालं की परत फिरायचं. जास्तीचे सेल कोणी नेत नाही, ते खिशात भिजून वाया जातात.

त्या उतरत्या उजेडात ढापण्याला बारीक भेगा दिसत नसत आणि तो मुकादमाची बोलणी खायचा. मला ते सहन होईना. मी लिथियमचे दोन सेल त्याच्या टॉर्चमध्ये घातले.

"घे, चष्मिस. महाग आहेत, पण दुप्पट चालतात. आणि शेवटपर्यंत पांढराशुभ्र उजेड!"

त्यानं तो उजेड सगळ्यांना मिरवून दाखवला. दोन दिवसांत त्याच्या टोळीतल्या बाकीच्या आठही जणांनी माझ्याकडून तसलेच सेल नेले. मी खूश.

तीन दिवस त्याचा टॉर्च दिवसभर झकास चालला. चौथ्या दिवशी बोगद्याच्या दूरच्या फाट्यात तो एकटाच होता, आणि पांढराशुभ्र उजेड मिनिटभरात विझला. जोडीदार दुसऱ्या फाट्यात होता. त्याला हाका ऐकू आल्या, मग आल्या नाहीत. चाचपडत येताना ढापण्या खोल खड्ड्यात पडला होता.

कागदावर साहेबांनी लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. भेटायला येणारे भावजयीसमोर हळहळायचे, "पिवळं झाल्यावरही पुढे गेला असेल हो, दुसरं काय?" त्याचा उजेड पिवळा पडलाच नव्हता, हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी तिच्या शेजारी बसून असायची, दातखीळ बसल्यासारखी. सांगितलं तर ही बाई पुन्हा माझं तोंड बघणार नाही, या भीतीनं मी माझ्या मेलेल्या भावाला निष्काळजी ठरू दिलं. बारा दिवस.

तेराव्या दिवशी सकाळी भावजय म्हणाली, "आज टोळी परत आत जाणार आहे म्हणे."

आठही टॉर्चमध्ये माझेच सेल होते. मी तशीच पायात चपला सरकवून निघाले. भावजय काही न विचारता मागोमाग आली.

बोगद्याच्या तोंडाशी माणसं बूट चढवत होती. मी धापा टाकत ओरडले, "थांबा! त्या सेलवर पिवळं होतच नाही. आधी कळत नाही, एकदम अंधार होतो. त्याची काही चूक नव्हती. सेल माझे होते."

एकेकानं टॉर्च उघडून सेल काढले आणि लोखंडी पेटीवर ठेवले.

मुकादमानं विचारलं, "बाई, हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून. पुड्यावर लिहिलेलंच असतं."

"मग त्याला सांगितलं नाही?" हे भावजयीनं विचारलं.

आता अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता. "त्यानंच विचारलं होतं. म्हणाला, ताई, पिवळं होणार नसेल तर परत कधी फिरायचं? दुकानात गर्दी होती. मी म्हणाले, भूक लागली की फीर."

"तो हसला असेल," ती म्हणाली.

"हो. हसला."

तिनं पेटीवरचा एक सेल उचलला आणि परत ठेवला.

"त्या दिवशी मी त्याला आग्रह करकरून जेवू घातलं होतं," ती म्हणाली. "दोनदा वाढलं."

मग ती वळून घराकडे चालू लागली. ‘ताई, चला’ म्हणाली नाही.