कौसल्याबाईंचा जोडफोटो

"हे मी नाही जी!" कौसल्याबाईंनी फोटो काउंटरवर पालथा ठेवला.

गिरिधरभाऊंचा चेहरा पडला. जोडफोटो बनवावा तर त्यांनीच, असं सारं सक्करदरा म्हणायचं. नवरा एका निगेटिव्हवर, बायको दुसऱ्यावर. कधी शेजारी न बसलेल्यांचेही संसार भाऊंनी अंधाऱ्या खोलीत थाटून दिले होते. एकाला पुठ्ठ्यानं झाकायचं, दुसऱ्यावर उजेड सोडायचा, मग उलट. पुठ्ठा स्थिर धरला की मधोमध रेघ उमटते, म्हणून तो हळूहळू हलवत राहायचं. मग एकाचा खांदा दुसऱ्याच्या सावलीत अलगद विरतो. या हातोटीचा भाऊंना भारी गर्व, आणि तो लपवायची त्यांना सवय नव्हती.

कौसल्याबाईंचे यजमान दीक्षेनंतर दोन वर्षांत गेले, तेव्हा शामला पोटात होती. त्यांचा फोटो एकच, छप्पन सालचा, पांढऱ्या कपड्यांतल्या वस्तीकरांच्या घोळक्यात. आता शामलाचं लग्न ठरलं होतं. सासरी तिच्या भिंतीवर आईबाप शेजारी बसलेले असावेत, एवढीच बाईंची हौस.

"ताई, ते पंचविशीचे," भाऊ म्हणाले. "लोकं मायलेक समजतीन ना! म्हणून तुमच्या सुरकुत्या काढल्या."

"काहून काढल्या? फुकट आल्या का त्या? एकटीनं पोरगी वाढवली मी. तिले ही कोनती पोट्टी दाखवू माय म्हणून?"

भाऊंना मनापासून लाज वाटली. आजवर एकही बाई सुरकुत्या परत मागायला आली नव्हती.

"मग त्यायलेच म्हातारं करू का?" त्यांनी भीतभीत विचारलं. "त्यायचे भाऊ आहेत?"

"भासरे आहेत ना, आनंदराव. दोघं एकाच तोंडावळ्याचे."

दुसऱ्या दिवशी आनंदराव दाढी घोटून आले. टोपी काढून स्टुलावर बसले. "धाकटा होता गा माहा," ते म्हणाले. "लागन ते घे."

आता निगेटिव्ह तीन आणि पुठ्ठेही तीन. कपाळावरच्या आणि गालावरच्या सुरकुत्या थोरल्याच्या, डोळे आणि ओठ धाकट्याचेच. कानाजवळचे केस भाऊंनी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून पिकवले. कागदामागून कागद वाया गेले. एकावर तर सरळ आनंदरावच भावजयीशेजारी येऊन बसले. तो भाऊंनी घाईघाईनं फाडला. अखेर एका कागदावर, औषधाच्या ट्रेमध्ये, एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस हळूहळू वर आला. तो जगात कधीच नव्हता.

मायलेकी आल्या तेव्हा त्यांनी फोटो पुढे सरकवला.

"माय, बाबा असे होते?" शामलानं विचारलं.

"नाही वं." कौसल्याबाईंनी फोटो उजेडाकडे धरला. त्यात त्यांची स्वतःची एकही सुरकुती गेली नव्हती. "असे झाले असते."

मग लेक शेजारी उभी आहे, भाऊ समोर आहेत, हे त्या विसरल्या. त्यांनी पदर डोक्यावरून नीट पुढे ओढला आणि फोटोतल्या माणसाला हळूच म्हणाल्या, "किती थकले जी तुमी!"