पहिल्या पानावरची दुपार

लाल रेघ 'सुंगटं' या शब्दावरून गेली होती, नुसती गेली नव्हती, दोनदा गिरवली होती, कागद फाटेल इतकी. वर बारीक अक्षरात 'मासे'. सुगंधाने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मासेच. छप्पन्नाव्या वर्षी लिहिलेली तिची पहिली कादंबरी, आणि मुलुंडच्या या स्वयंपाकघरात, कुकरची तिसरी शिट्टी होत असताना, संपादकाने परत पाठवलेलं पहिलं पान समोर पडलं होतं... ओळखू न येणारं.

तिने लिहिलं होतं : 'भरदुपारी दारात बाबांच्या चपला वाजल्या तेव्हा आई सुंगटं सोलत होती, आणि एका सुंगटाच्या पाठीतला काळा दोरा तिच्या नखात अडकून बसला होता.' संपादक सुबोधचं नुसत्या 'मासे'ने समाधान झालं नव्हतं. समासात त्याने अख्खं वाक्यच नव्याने लिहिलं होतं : 'त्या उदास दुपारी बाबा अचानक घरी परतले आणि स्वयंपाकात गुंतलेल्या आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.'

पाल! विक्रोळीच्या त्या चाळीत पाली होत्याच, पण त्या दिवशी एकही चुकचुकली नव्हती. आणि उदास? बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी रेडिओ चालू होता, मांजर टोपलीभोवती घोटाळत होतं... कारखान्याने बाबांना आज काढून टाकलंय हे त्या दुपारीला काय माहीत? आईलाही माहीत नव्हतं. "आज लवकर इलास?" एवढंच ती म्हणाली, आणि उत्तर आलं नाही तेव्हा तिची बोटं थांबली, दोरा नखात तसाच राहिला — भीती तिथे होती, त्या नखात, आणि या माणसाने ती उचलून पालीच्या तोंडात दिली.

तिने गॅस बंद केला आणि फोन लावला.

"सुबोध, माझी दुपार उदास कुणी केली?"

"ताई, वातावरणनिर्मिती हो. पहिल्याच ओळीत वाचकाला मूड कळायला हवा ना."

"आईला कळला नव्हता. वाचकाला आधी कशाला?"

"बरं, पण सुंगटं? निदान कोळंबी तरी म्हणा. नागपूरला कुणाला कळणार?"

"सोलतेय म्हटलंय, पाठीतला दोरा म्हटलंय. कळेल. तू जेवायला बसलास की आईला 'खाद्यपदार्थ वाढ' म्हणतोस का रे?"

तो हसला. त्या हसण्याने तिचं डोकं आणखीच फिरलं.

"पान उद्या छपाईला जायचंय, ताई. संध्याकाळी विचार करून सांगतो."

"विचार तू नको करूस," म्हणत तिने फोन आपटला.

दुपारभर ती धुमसत होती. कपड्यांच्या घड्या घालताना, गवार मोडताना तिची त्याच्याशी भांडणं चालूच होती. उत्तरं सुचत होती, एकाहून एक झोंबणारी. शेवटी पेन घेऊन ती परत पानाशी बसली. एकेक रेघ खोडायची. तळाशी मात्र एका वाक्याला लाल शाई लागलीच नव्हती. शेजारी बरोबरची खूण, आणि 'सुरेख!'

'मुलगी धावत गेली आणि बाबांच्या कमरेला बिलगली.'

चला, एवढं तरी कळलं याला — असं म्हणत तिने ते मोठ्याने वाचलं, आणि 'बिलगली'शी जीभ अडखळली. हा शब्द कुठून आला? चाळीत कुणी कुणाला बिलगत नसे. हा तिच्या घरातला शब्दच नव्हता, त्या चुकचुकणाऱ्या पालीच्या गावचाच होता, आणि तो सुबोधने घातला नव्हता.

त्या दिवशी पद्मजा आली होती. वर्गातली, कारखान्यातल्या साहेबांची मुलगी, पहिल्यांदाच घरी. बाबा दारात उभे होते, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बोचकं — कारखान्यातला मग, टॉवेल, जादा शर्ट — आणि कागद फाटून मगाचा कान बाहेर आलेला. पद्मजा बघत होती. मी उठले, 'चल गं, तुझ्याकडे जाऊ' म्हटलं, आणि बाबांकडे न बघता...

फोन वाजला.

"जिंकलात, ताई! पहिली ओळ तुमच्याच शब्दांत. सुंगटांसकट. आता खूश?"

"शेवटचं वाक्य..."

"त्याला हातसुद्धा लावलेला नाही. काळजाला भिडतं ते."

"लावायला हवा होतास!" ती ओरडली. स्वतःच्याच आवाजाने दचकली. "तिथे लावायला हवा होतास. दिवसभर मी तुला... तुला कसं दिसलं नाही?"

"काय दिसलं नाही? ताई? उद्या छापायला देऊ ना?"

राग तसाच होता, सकाळइतकाच, पण आता तो सुबोधकडे जाईना. चाळीतली ती गॅलरी अरुंद होती. दोन मुली पुढे आल्या तेव्हा बाबांनी बोचकं छातीशी धरलं, भिंतीला पाठ लावली, आणि अंग चोरून त्यांना वाट दिली... अंग चोरून. पंचेचाळीस वर्षं हे दोन शब्द कुठे होते? ते आता तिच्या ओठांवर आले होते, आणि पलीकडून सुबोध विचारत होता, काय म्हणालात, ताई, नीट ऐकू आलं नाही.