गेल्या सालच्या दुधाचं भाडं

सत्त्याऐंशी साली आमच्या दूध संस्थेत कॉम्प्युटर होता. पंखा त्याला, पुठ्ठ्यानं वारा आम्हाला. त्यातला हिशेबाचा प्रोग्राम मुंबईच्या एका बड्या कंपनीचा. जिल्हाभर त्यांचाच, दुसरा कुणाचा मिळतच नव्हता. दर दसऱ्याला तो आपोआप कुलूप लावून बसायचा. कंपनीचा साहेब येऊन पुढच्या सालचे पैसे घेई, तेव्हा उघडायचा.

पहिल्या साली साहेब एसटीनं आला, दुसऱ्या साली फियाटमधून. तिसऱ्या साली गाडी एवढी लांब, की साहेब मंगळवार पेठेत उतरला तेव्हा डिकी अजून कितीतरी कोस मागं पेठ वडगावात होती. मी तिथं बाजाराला गेलतो, तिला टेकून विडी ओढली. खोटं कशाला बोलू?

त्या साली साहेबानं दर दुप्पट सांगितला. चेअरमन सयाजीरावांनी बोटांवर हिशेब केला. एवढं दिलं तर दिवाळीचा फरक, म्हणजे वर्षाच्या दुधावर गवळ्यांना मिळायची ती वरची रक्कम, पार बुडणार. खतिजा गवळणीनं तर त्याच फरकाच्या भरवशावर लेकीचं, मेहरुन्निसाचं नाव कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं होतं. फी तेवढी राहिली होती.

"साहेबाला उद्या कट्ट्यावर आणा," खतिजा म्हणाली. "गेल्या सालीबी माझ्याच म्हशीचं प्यालतं की."

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रीतच अशी, की म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करायची आणि धार त्याच्या देखत काढायची. सकाळी खतिजानं साहेबाला फेसाळता गिलास दिला. साहेबानं मिशा पुसल्या, पाकीट काढलं.

"ह्याचं ऱ्हाऊ द्या, पावणं. गेल्या सालच्या गिलासाचं भाडं द्या."

"त्याचे पैसे तेव्हाच दिले होते!"

"ते प्यायचं. दूध काय तुमाला इकलं न्हवतं. सालभर पोटात ठेवायचा परवाना दिल्ता. साल सरलं."

कट्टा असा हसला, की पंचगंगेतली बगळी उडाली. साहेबही हसला, पण हटेना. "बाई, म्हशीला रोज वैरण लागते. आमच्या इंजिनिअरांनाही पगार लागतो."

"द्या की पगार!" सयाजीराव बोलले. "पर प्रोग्राम एकदाच केलासा, आन त्योच समद्या संस्थास्नी देतासा. आमची म्हस एक गिलास दोघास्नी न्हाय देत. मग वैरण इंजिनिअर खातोय, का तुमची गाडी?"

साहेब लालबुंद. "मग राहू दे कुलूप!" म्हणत निघाला. गाडीचं तोंड पुण्यात पोचलं तरी डिकी कट्ट्यासमोरून सरकतच होती.

सयाजीराव खतिजाकडं वळले. "खतिजाक्का, आता बिलं कोण काढणार?"

"माझी पोरगी."

"तिला शिकून यायला वरीस लागंल की!"

"मग वरीसभर हातानं काढा. कॉम्प्युटर याच्या आदी काय म्हशी आटल्या हुत्या व्हय?"

फरक वाटला गेला. मेहरुन्निसा कोर्सला गेली. सयाजीरावांनी वर्षभर बिलं लिहिली. हात इतका झिजला, की बोटातली अंगठी दंडात घालावी लागली.

पुढच्या दसऱ्याला मेहरुन्निसानं कॉम्प्युटर हातगाडीवरून कट्ट्यावर आणवला, चहावाल्याकडून वायर ओढली आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालू केला. "धार देखत काढायची," म्हणाली. पहिलंच बिल आईचं. त्यात खतिजाच संस्थेला दूध देणं लागत होती!

"अगं, माझीच म्हस माझ्यावर फिरीवलीस?"

"थांब की, अम्मी." तिनं सगळ्यांच्या देखत चूक शोधली, दुरुस्त केली. दुसरं बिल बरोबर आलं आणि कट्ट्यावर हलगी वाजली.

महिनाभरात कुरुंदवाडच्या दूध संस्थेची माणसं तिचा प्रोग्राम विचारत आली. मेहरुन्निसानं कष्टाचे पैसे घेतले, तेही एकदाच. भाडं नाही. मग पुढच्या गावाची, त्याच्या पुढच्या गावाची माणसं आली. तिकडं कंपनीला दर उतरवावा लागला आणि साहेबाची गाडी साल-दरसाल हातभर आखडत गेली.

एका दसऱ्याला साहेब आणि डिकी बरोबरच पोचले. खतिजानं त्याला पुन्हा गिलास भरून दिला.

"भाडं?" साहेबानं भीत भीत विचारलं.

"प्या की, पावणं," खतिजा म्हणाली. "ह्ये दूध तुमचंच."